एकशे बारा नंबरचा लिफाफा

"अहो, दार जरा ओढून घ्या. आणि कुणी आलंच तर सांगा, काकू आत कपडे भिजवतायत म्हणून."

काकूंनी दोन गाठोडी लांब टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींच्या गाठी एकदमच सोडल्या. इस्त्रीपाशी उभ्या असलेल्या काकांचा हात तसाच थांबला. तीस वर्षांच्या संसारात आणि सत्तावीस वर्षांच्या लाँड्रीत असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अगं, दोन एकदम?"

"दोनच आहेत. मला काय मोजता येत नाही?"

"मोजता येतं गं. पण ते तूच लिहून लावलंयस ना वरती."

वरती, इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर, काकूंच्याच टपोऱ्या अक्षरात पुठ्ठा लावलेला होता: एका वेळी एकच गाठोडं. खाली दोन रेघा. या दुकानात दोन माणसं कामाला ठेवून पाहिली होती आणि दोघांनाही या एका वाक्यापायी काढून टाकलं होतं. गाठोडं सोडायचं, आधी सगळे खिसे उलटे करायचे, निघालेली वस्तू लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा, मग कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईनं तोच नंबर घालायचा, आणि ते गाठोडं भिजत पडलं की मगच दुसऱ्याला हात लावायचा. खिशात काही निघालं नाही तरी लिफाफा द्यायचाच. त्यावर लिहायचं 'काही नाही' आणि खाली सही करायची. गिऱ्हाइकं हसायची. रिकाम्या लिफाफ्याची पावती देणारं दुकान दुसरं दाखवा म्हणायची. पण कपडे इथेच टाकायची.

खिशांतून काय काय निघायचं ते मात्र काकूंनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. काकांनासुद्धा नाही. चिठ्ठ्या निघाल्या, औषधांच्या गोळ्या निघाल्या, बायकोनं शोधून शोधून सोडून दिलेली अंगठी एका सभ्य माणसाच्या कोटात निघाली. काकूंनी ती लिफाफ्यात घातली, नंबर टाकला, तोंडाला कुलूप. सगळी गल्ली म्हणायची, काकूंच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही. पण पोटात साठलेल्याचं काहीतरी होतंच की. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे खिसे उलटे केल्यावर काकूंचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. दूधवाल्यानं माप भरून दूध दिलं तरी त्या म्हणायच्या, आज याला झालंय काय? पाठीमागे गल्ली त्यांना 'तपासणी' म्हणायची. हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

आज टेबलावर पडलेली गाठोडी साधीसुधी नव्हती. एक मास्तरांचं, नंबर एकशे बारा. दुसरं गोदामवाल्याचं, नंबर शहाऐंशी. दोघेही या प्रभागातून निवडणुकीला उभे होते. तिसरा एक फोटोग्राफर होता, पण तो आपलाच फोटो चौकाचौकात लागावा एवढ्यासाठी उभा आहे हे त्याची आईसुद्धा सांगायची.

निवडणूक एका रस्त्यावर अडली होती. बाजारापासून मालधक्क्यापर्यंत मोठा रस्ता करायचा हे नगरपालिकेत ठरून गेलं होतं. तो न्यायचा कुठून, हे मात्र पुढचा सभासद ठरवणार होता. एक वाट मागून, ओढ्याच्या कडेनं, लांबची. दुसरी सरळ, या गल्लीतून. ती धरली तर दोन्ही बाजूंची बावीस घरं अर्धी अर्धी कापली जाणार होती. लाँड्रीचा तर टेबल, टाकी, इस्त्री, सगळा पुढचा भागच जाणार होता. मागे उरली असती एक खोली आणि मोरी. काकूंना झोपेतसुद्धा ती खोली दिसायची.

आणि दोन्ही उमेदवार एकच सांगत होते. मास्तर सांगत होते, गल्लीला हात लागणार नाही. गोदामवाला सांगत होता, गल्लीला धक्का लागणार नाही.

"एकजण खोटं बोलतोय," काकू म्हणाल्या आणि शहाऐंशीचा शर्ट उलटा करून त्याची कॉलर खिडकीच्या उजेडात धरली. "कोण ते कपडे सांगतील. म्हणून दोन्ही शेजारी ठेवलीत. बाजारात भाजी नाही का आपण दोन हातांत धरून बघत?"

"खरं बोलणाऱ्याची कॉलर पांढरी असते वाटतं?"

"उलट! कॉलर मळलेली असेल तर माणूस उन्हात हिंडलाय. स्वच्छ असेल तर दुसऱ्याला हिंडवलंय. आणि तुम्ही इस्त्री करा हो, शर्टाला भोक पडेल."

पण कपडे काहीच सांगेनात. दोघांनीही निवडणुकीसाठी नवेकोरे पांढरे शर्ट शिवून घेतले होते, चार चार. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं एकाच ताग्यातून कापलेले, आणि दोघांची मापंही उन्नीस-बीस. कॉलरींवर अजून लाँड्रीचा नंबर नाही. मळले होते तेही सारखेच. काकू एकदा या ढिगातला शर्ट उचलत होत्या, एकदा त्या ढिगातला, आणि त्यांची चिडचिड वाढत चालली होती.

तेवढ्यात बाहेर भोंगा लावलेली गाडी आली. गोदामवाल्याची होती. गल्लीत नवे दिवे, नवी गटारं, नळाला दोन वेळ पाणी. काकू हातातला शर्ट टेबलावर टाकून दाराशी धावल्या. रस्त्याबद्दल काय बोलतोय ते त्यांना ऐकायचं होतं. गाडी रस्त्याबद्दल अवाक्षर न काढता निघून गेली. "बघा, टाळलं की नाही," असं पुटपुटत त्या परत आल्या, तर टेबलावर एकच पांढरा ढीग. हातातला शर्ट त्यांनी नेमका मध्ये टाकला होता आणि दोन्ही बाजू त्याच्यावर घसरल्या होत्या.

"झालं?" काका म्हणाले.

"काही झालेलं नाही. मला दिसतंय कुठला कुणाचा."

त्यांनी आठ शर्ट पसरले. सहा ढिगात कुठे पडले होते त्यावरून त्यांना आठवले, निदान तसं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोन उरले. त्यातल्या एकाच्या खिशाखाली निळ्या शाईचा डाग होता, बोराएवढा. काकूंचा चेहरा उजळला. शाई म्हणजे मास्तर! जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याच्याच खिशात शाईचं पेन असणार. गोदामवाला कशाला शाईत हात घालतोय? डागाचा शर्ट त्यांनी एकशे बाराच्या बाजूला सारला, उरलेला शहाऐंशीच्या. चार आणि चार. हिशेब जुळला.

मग त्यांनी डागाच्या शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि घडी केलेला कागद बाहेर काढला.

तो नकाशा होता. कचेरीत मिळतो तसला, छापील. त्यावर गल्ली होती, बावीस चौकोन, प्रत्येकात घराचा नंबर. आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंनी, चौकोनांच्या पोटातून, पट्टी लावून ओढलेल्या दोन लाल रेघा. सात नंबरच्या चौकोनाचा जवळजवळ सगळा भाग रेघेच्या आत होता. सात नंबर म्हणजे लाँड्री.

काकू खुर्चीवर बसल्या.

"मला वाटतच होतं," त्या म्हणाल्या. "इतका चांगला माणूस असूच शकत नाही."

काकांनी नकाशा पाहिला. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "हा मास्तरांच्याच खिशातला?"

"तुमच्यासमोर काढला ना?"

"हो, पण ते ढीग…"

"शाई दिसत नाही तुम्हाला? एवढा ठसठशीत डाग?"

"दिसते. तरी एकदा विचारून बघ त्यांना. चार घरं सोडून तर राहतात. सरळ विचार, मास्तर, हे काय आहे?"

"विचारू? आणि ते काय सांगणार, हो बाई, मीच तो खोटारडा? डॉक्टरांना विचारलं होतं मी. विसरलात?"

काका विसरले नव्हते. मागच्या खेपेचे सभासद म्हणजे दवाखान्यातले डॉक्टर. मऊ बोलणारे, बायकांशी मान खाली घालून बोलणारे. काकूंनी त्यांच्यासाठी घरोघर जाऊन मतं मागितली होती. पोरांच्या खेळाच्या मैदानाचं काय, असं काकूंनी त्यांना भर रस्त्यात विचारलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, माझ्या हयातीत मैदानाला हात लागणार नाही. मैदान वर्षाच्या आत विकलं गेलं. घेतलं ते याच गोदामवाल्यानं. पण काकूंचा राग घेणाऱ्यावर नव्हता. तो उघड उघड व्यापारी, त्यानं कधी लपवलं नाही. गोड बोलून विकणाऱ्यावर त्यांचा जन्माचा राग होता. त्या दिवसापासून मऊ बोलणारा माणूस दिसला की काकू पदराआड हात घट्ट धरून उभ्या राहायच्या.

आणि मास्तर मऊ बोलायचे.

गल्लीची बैठक रविवारी सकाळी पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे भरली. कुणी पायरीवर, कुणी उलट्या बादलीवर. कुणाला मत द्यायचं ते सगळ्या गल्लीनं मिळून ठरवायचं होतं. सत्तर-बहात्तर मतं होती, फुटली तर उपयोग नव्हता.

"मास्तर स्वच्छ आहेत," शिंपी म्हणाला. "मुलगा परदेशी, मुलगी आपल्या घरी सुखात. त्यांना काय कमी आहे? ते कशाला खातील?"

"काही कमी नसलेला माणूस कशाला उभा राहतो, ते सांग आधी," पंक्चरवाला म्हणाला. "गोदामवाला खातो, मान्य. पण निदान ठाऊक तरी आहे कुठे खातो ते."

"अरे, त्याची गोदामं मालधक्क्याला लागून. सरळ रस्ता झाला तर फायदा कुणाचा? त्याचाच ना?"

"म्हणून तर तो असं करणार नाही! लगेच अंगावर शेकेल त्याच्या. तो काय एवढा बावळट आहे?"

"आणि मास्तर शाळेत असताना छपराचे पत्रे आले होते, ते गेले कुठे?"

"छपरावर गेले, आणखी कुठे? अजून आहेत, जाऊन बघ."

असा तासभर दोघांचा आजा-पणजा निघाला. एक पारडं खाली गेलं की कुणीतरी दुसऱ्यात काहीतरी टाकायचं. शेवटी शिंप्याची नजर मागे उभ्या असलेल्या काकूंकडे गेली. "काकू, तुम्ही गप्प कशा? तुमच्याकडे तर दोघांचेही कपडे येतात."

तो गमतीनं म्हणाला होता. सगळे हसलेसुद्धा. काकू हसल्या नाहीत. सत्तावीस वर्षांचं कुलूप आज निघणार होतं. त्यांनी पिशवीतून एकशे बारा नंबरचा लिफाफा काढला, नकाशा उलगडला आणि पंक्चरच्या टबावर आडव्या ठेवलेल्या फळीवर पसरला.

"मास्तरांच्या खिशातून निघाला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मागच्या पायरीवरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

कुणी विचारलं नाही, काकू नक्की ना? दुसऱ्या कुणी आणला असता तर दहा प्रश्न झाले असते. पण ज्या बाईनं आजवर कुणाच्या खिशातला शब्द बाहेर काढला नाही ती सांगतेय म्हटल्यावर विचारायचं काय? लोक एकेक करून फळीपाशी आले, आपापला चौकोन शोधला, लाल रेघ कुठून जाते ते बोटानं पाहिलं आणि घरी गेले.

संध्याकाळी मास्तर दुकानात आले. एकटेच.

"बाई, माझ्या खिशात काही कागद निघाला म्हणे. बघू शकतो?"

काकूंनी नकाशा टेबलावर ठेवला, पण एक बोट त्याच्यावर दाबून धरलं. मास्तरांनी चष्मा लावला. बराच वेळ वाकून पाहिलं.

"हा माझा नाही."

"शर्ट तुमचा, खिसा तुमचा."

"तेच मला कळत नाहीये. हा माझ्या खिशात कसा आला ते मला खरंच सांगता येणार नाही." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी हा आज पहिल्यांदाच पाहतोय, एवढं सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा."

एवढं बोलून ते गेले. आवाज चढवला नाही, गोदामवाल्याचं नाव घेतलं नाही, काकूंना दोष दिला नाही.

"पाहिलंत?" काकू काकांना म्हणाल्या. "खोटा आळ आला असता तर माणूस दुकान डोक्यावर घेतो. हे कसे, शांत! पाणी मुरतंय म्हणून शांत."

काका इस्त्रीकडे वळले. त्यांनी मास्तरांचे चारही शर्ट नेहमीपेक्षा जास्त काळजीनं इस्त्री केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले.

मास्तर एकतीस मतांनी पडले.

निकालानंतर पाचव्या दिवशी गोदामवाल्याचा ड्रायव्हर आला. हातात एक शर्ट होता, कागदात गुंडाळलेला.

"काकू, साहेबांचा एक शर्ट बदली झालाय. हा त्यांचा नव्हे."

"असं होणारच नाही. नंबर बघ ना कॉलरीत. शहाऐंशी."

"नंबर तुम्हीच घातलाय हो. साहेब म्हणतात, त्यांच्या शर्टाला खिशाखाली शाई लागली होती. उमेदवारीचा अर्ज भरताना पेन गळलं. तो त्यांचा नशिबाचा शर्ट आहे. उद्या सभागृहात पहिल्या दिवशी तोच घालून जायचंय त्यांना. डाग असू दे म्हणाले, तोच शर्ट पाहिजे."

काकूंनी शर्ट त्याच्या हातातून ओढून घेतला. त्यांनी शर्ट उलगडला. दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, बाकीची पांढऱ्या. धुताना, नीळ देताना, घड्या घालताना हे बटण त्यांच्या डोळ्यांखालून गेलं असणार. त्यांनी पाहिलंच नव्हतं. शाई सापडल्यावर त्यांनी दुसरं काही पाहायचं सोडूनच दिलं होतं.

"आणि त्या खिशात…" काकू म्हणाल्या.

"हां, तो कागद," ड्रायव्हर म्हणाला आणि हसला. बिचाऱ्यात वाईट काही नव्हतं, सांगायला सांगितलं तेवढं सांगत होता. "साहेब म्हणाले, कागदाचं राहू दे म्हणावं. त्याच्या पुष्कळ प्रती आहेत. आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय. काकूंचे फार उपकार झाले म्हणाले."

ड्रायव्हर गेला तरी काकू टेबलाला धरून उभ्याच होत्या. काकांनी इस्त्री बंद केली, स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचा पेला आणून ठेवला. एकदा सांगितलं होतं मी, असं काकांनी म्हणायला हवं होतं. काकू त्याचीच वाट बघत होत्या. ते म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

"त्याला माहीत होतं," शेवटी काकूच म्हणाल्या. "कागद आपला आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तो गप्प बसला. गाडीतून हात जोडत फिरला माझ्यासमोरून."

"हं."

"आणि मी… मी दोन गाठोडी एकदम सोडली."

"पाणी पी आधी."

पाणी त्यांनी घेतलं नाही. शर्ट पुन्हा कागदात गुंडाळला, पिशवीत घातला, चपला पायांत सरकवल्या आणि चार घरं ओलांडून मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. दार मास्तरीणबाईंनी उघडलं. काकूंना पाहून त्यांनी दार लावलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही.

"शर्ट आणलाय," काकू म्हणाल्या. "बदली झाला होता."

मास्तरीणबाईंनी तो उलगडला. अंगठा निळ्या दोऱ्यावरून फिरला. "पांढरा दोरा संपला होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "अर्ज भरायला जायची घाई. म्हटलं कुणाला दिसतंय. खरंच कुणाला दिसलं नाही." आणि शर्ट घेऊन आत गेल्या.

मास्तर आतल्या खोलीतून आले. त्यांच्या हातात दुसरा शर्ट होता, व्यवस्थित घडी केलेला. घडीतून खिसा दिसत होता, त्याखालचा डाग धुवून फिका झाला होता. त्यांनी तो स्वतःहून पुढे केला. काकूंनी न सांगता.

"तुम्हाला… माहीत होतं?"

"काकांनी कपडे आणून दिले त्याच दिवशी कळलं. हा माझा नाही. शाईचं पेन मी निवृत्त झालो त्या दिवशी शाळेतच ठेवून आलो बाई. बॉलपेननं लिहितो. मग कागद कुणाचा तेही कळलं."

"तेव्हा तर मतदानाला दोन दिवस होते!" काकूंचा आवाज फुटला. "तुम्ही आला का नाहीत? हा शर्ट घेऊन बैठकीत का नाही उभे राहिलात? सगळी गल्ली…"

"मी आलो असतो हा शर्ट घेऊन, आणि म्हणालो असतो की हा माझा नाही, त्याचा आहे. नंबर आत एकशे बारा, तुमच्याच हाताचा." मास्तर दाराच्या चौकटीकडे बघत होते. "तुम्ही विश्वास ठेवला असता?"

काकूंनी खूप शोधलं. एखादं हो कुठेतरी सापडेल असं त्यांना वाटत होतं. पण त्या दिवशीच्या काकू त्यांना चांगल्या ओळखीच्या होत्या. त्या काय म्हणाल्या असत्या ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होतं: बघा, आता नवीन सोंग.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग?" मास्तर म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पिशवीच्या तळातून त्यांनी एक कोरा लिफाफा काढला. चौकटीवर टेकवून त्यावर लिहिलं, एकशे बारा. खाली लिहिलं, काही नाही. सही केली. सही जरा वाकडी आली.

"तुमचा राहिला होता," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तो घेतला, वाचला, उघडून आतही पाहिलं. सवयीचा माणूस, दिलेलं तपासून घेणारा. मग दोन घड्या घालून खिशात ठेवला. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी चार माणसं लांब फीत घेऊन गल्लीत आली. त्यांच्याजवळ लाल रंगाचा डबा होता. लाँड्रीच्या भिंतीवर, दारापासून आत बारा फुटांवर, त्यांनी ब्रशनं रेघ ओढली. टेबल रेघेच्या पुढे, पाडायच्या भागात राहिलं, टाकी रेघेच्या पुढे राहिली. पुठ्ठ्यावरचं 'एका वेळी एकच गाठोडं'ही रेघेच्या पुढेच राहिलं. काकूंनी ती माणसं पुढच्या घराकडे जाईपर्यंत वाट पाहिली. मग मास्तरांकडून आणलेला तो डागाचा शर्ट खुंटीवरून काढला. ड्रायव्हर त्यासाठी दोनदा येऊन गेला होता आणि दोनदा रिकाम्या हातानं परतला होता.

"कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"सांगायला."

"आता सांगून काय व्हायचंय? रेघ पुसली जाणारेय का?"

"नाही. पण ज्या तोंडानं सांगितलं होतं त्याच तोंडानं सांगायला नको का?"

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दाराचा पडदा बाजूला धरला.

पहिलं दुकान पंक्चरवाल्याचं. त्याच्या भिंतीवरची रेघ अजून ओली होती आणि तो तिच्याकडे तोंड करून उकिडवा बसला होता. काकूंनी शर्ट त्याच्यासमोर धरला, कॉलरीतला स्वतःच्या हातचा नंबर दाखवला, डाग दाखवला, आणि झालं ते पहिल्यापासून सांगितलं. दोन गाठोड्यांपासून. काही गाळलं नाही.

"मास्तरांच्या खिशात काही नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. त्या रविवारी म्हणाल्या होत्या तितक्याच मोठ्यानं.

पंक्चरवाला उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "काकू, तुमच्या शब्दावर दिलं हो मी मत. माझ्या घरातली पाचही."

"माहीत आहे."

"मग आता?"

"आता काही नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, खिसा वर ठेवून. "अजून वीस घरं राहिलीत."

आणि त्या शिंप्याच्या दाराकडे वळल्या.